थांबला तोही दोषी, न थांबला तोही दोषी

६ डिसेंबर १९६९. जपानच्या पश्चिम किनाऱ्याने धावणारी ‘निहोनकाई’ ही शयनयान एक्सप्रेस होकुरिकु बोगद्यात शिरली आणि तिच्या पॉवर कारला आग लागली. जपानी राष्ट्रीय रेल्वेचा नियम स्पष्ट होता. गाडीला आग लागली की जागच्या जागी थांबायचे, जळता डबा सोडवून वेगळा करायचा आणि आग विझवायची. बोगदा असो की माळरान, नियमात फरक नव्हता. पण गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना पुढे काय होणार ते दिसले. जवळपास चौदा किलोमीटरचे बंद बीळ, मागे प्रवाशांनी भरलेले डबे, आणि थांबलो तर धूर जाणार कुठे? त्यांनी गाडी थांबवली नाही. बोगद्याबाहेर, मोकळ्या हवेत येऊन ती उभी केली आणि आग विझवली. एकही प्रवासी दगावला नाही.

बक्षीस म्हणून त्यांना मिळाली शिस्तभंगाची कारवाई. नियम मोडला होता ना!

हा बोगदा जपानला तेव्हा भूषण वाटत असे. त्सुरुगा आणि इमाजो या गावांमधल्या डोंगरातून पूर्वीचा रेल्वेमार्ग तीव्र चढाने, झिगझॅग करत जाई. खंडाळ्याच्या घाटात एकेकाळी रिव्हर्सिंग स्टेशन होते, तसाच तो प्रकार. गाडी पुढे न्यायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे. १९६२ च्या जूनमध्ये १३,८७० मीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि तो सगळा खटाटोप संपला. जपानमधला तेव्हाचा तो सर्वांत लांब रेल्वे बोगदा. मार्ग विजेचा, त्यामुळे इंजिनाचा धूर नाही. धूर नाही म्हणजे धुराची चिंता नाही, असा सरळ हिशेब झाला. इंजिन धूर सोडत नसले तरी डबा सोडू शकतो, हे त्या हिशेबात आलेच नाही.

‘आधी थांबा’ हा नियम काही कचेरीत बसून कुणा बिनडोक माणसाने लिहिलेला नव्हता. त्याच्यामागे माणसे मेलेली होती. १९६२ च्या मे महिन्यात टोकियोतल्या मिकावाशिमा स्थानकाजवळ दोन गाड्यांचा अपघात झाला. प्रवासी खाली उतरून रुळांवरून चालू लागले आणि सुमारे सात मिनिटांनी तिसरी गाडी त्यांच्यावर आली. १६० जण गेले. मधल्या सात मिनिटांत बाकीच्या गाड्या कुणी थांबवल्या असत्या तर? ‘शंका आली की थांबा’ हे वाक्य तिथून रेल्वेवाल्यांच्या अंगात भिनले.

त्याच्याही आधीची एक आग आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण डब्यातल्या आगीविषयी जपान जे काही शिकला त्याचा पहिला धडा तिथे आहे. २४ एप्रिल १९५१ ची दुपार, योकोहामाचे साकुरागिचो स्थानक. ओव्हरहेड तारांचे काम चालू होते. कामगारांच्या हातून चूक झाली, तार खाली लोंबली आणि स्थानकात शिरणाऱ्या लोकल गाडीच्या पॅन्टोग्राफमध्ये अडकली. १५०० व्होल्टचा झोत सुटला आणि पहिल्या डब्याच्या छताने पेट घेतला. छत लाकडी, वर रंगाचे थर. हे डबे ‘६३’ मालिकेचे, युद्धकाळाच्या टंचाईत घडवलेले. मोठी काच मिळत नव्हती म्हणून खिडकीत तीन छोट्या काचा बसवलेल्या. वरची सरके, खालची सरके, मधली मात्र पक्की. त्यामुळे खिडकी पूर्ण उघडली तरी त्यातून मोठा माणूस बाहेर पडू शकत नव्हता. आपोआप चालणारे दरवाजे वीज बिघडल्यावर उघडेनात. ते हाताने उघडण्याची कळ डब्यात होती, पण ती कुठे आहे हे प्रवाशांना कुणी सांगितले नव्हते. शेजारच्या डब्यात जाण्याचा दरवाजाही कामास आला नाही. त्यात भर म्हणून एका उपकेंद्रातून वीज काही मिनिटे चालूच राहिली. स्थानक हाकेच्या अंतरावर, मदतीला माणसे हजर, आणि १०६ प्रवासी गेले.

तिथे पाण्याची कमतरता नव्हती आणि विझवणाऱ्यांचीही नव्हती. माणसे मेली ती बाहेर पडता न आल्याने. त्यानंतर कळ कुठे आहे ते ठळक अक्षरांत लिहिले गेले, डब्यांमधून ये-जा करण्याची वाट मोकळी झाली, ६३ मालिकेचे डबे बदलून घेतले गेले. रेल्वेचे अध्यक्ष कागायामा पायउतार झाले. त्यांच्यासोबत रोलिंग स्टॉक विभागाचा प्रमुखही नोकरी सोडून गेला. हा इंजिनिअर म्हणजे शिमा हिदेओ. चार वर्षांनी नव्या अध्यक्षांनी त्याला मनधरणी करून परत आणले आणि त्याच्या देखरेखीखाली घडलेली शिंकान्सेन, म्हणजे जगातली पहिली बुलेट ट्रेन, १९६४ मध्ये धावली. ज्या गाडीची चर्चा आपण मुंबई-अहमदाबादच्या निमित्ताने रोज वाचतो, तिच्या जनकाने आधी जळालेल्या लोकलची किंमत मोजली होती.

आता होकुरिकु बोगद्याकडे परत.

निहोनकाईच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. ६ नोव्हेंबर १९७२ ची मध्यरात्र उलटून गेली होती. ओसाकाहून आओमोरीला निघालेली ‘कितागुनि’ एक्सप्रेस बोगद्यात होती. पंधरा डबे, साडेसातशेच्या वर प्रवासी, बहुतेक झोपलेले. अकरावा डबा भोजनयान. रात्री एकच्या सुमारास त्या डब्यातल्या धूम्रपान-कक्षात आसनाखालून धूर येताना दिसला. खबर मिळताच चालकाने नियमाप्रमाणे आणीबाणीचा ब्रेक लावला. गाडी थांबली ती त्सुरुगाकडच्या तोंडापासून पाच किलोमीटरहून थोडे आत.

या माणसांनी काय करायला हवे होते, हे त्यांना शिकवलेलेच होते आणि त्यांनी तेच केले. आधी अग्निशामक नळकांड्यांनी आग विझवायचा प्रयत्न झाला, पण ती आसनाखाली, भिंतीच्या आत पसरली होती. नळकांड्यांना दाद देईना. मग डबे तोडायचे ठरले. भोजनयानाच्या मागचे डबे सुटे केले आणि गाडी थोडी पुढे घेतली. आता पुढचे डबेही जळत्या डब्यापासून वेगळे करायचे आणि इंजिनाने बाहेर ओढून न्यायचे, एवढेच बाकी होते. कपलिंग, ब्रेकचे होजपाइप, विजेची जोडणी हे सगळे अंधारात, धुरात, रुळांमधल्या अरुंद जागेत हाताने सोडवायचे. त्याला वेळ लागला. दोनला काही मिनिटे कमी असताना ओव्हरहेड तारेतली वीज गेली. बोगद्याच्या छताला लावलेली पाण्याची पन्हाळ उष्णतेने वितळून तारेवर पडली होती. इंजिन निकामी झाले. आता गाडी कुठेच जाणार नव्हती.

पुढचे काही तास लोक अंधारात रुळांवरून चाचपडत राहिले. धूर कोणत्या तोंडाकडे सरकतो आहे हे त्यांना कळत नव्हते. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे, समोरून येणारी ‘तातेयामा’ एक्सप्रेस सिग्नलला बोगद्यातच थांबली होती. तिच्या कर्मचाऱ्यांनी दरवाजे उघडले आणि चालत आलेल्या सव्वादोनशेच्या आसपास लोकांना गाडीत घेऊन बाहेर काढले. हे कुणी त्यांना शिकवले नव्हते.

३० जण मरण पावले. त्यात एक रेल्वे कर्मचारी. ७१४ जखमी. ज्वाळांनी भाजण्यापेक्षा धुराने, कार्बन मोनॉक्साइडने घात केला. आणि आता एक साधा हिशेब मांडून बघा. गाडी जिथे थांबली तिथून पुढचे तोंड साडेआठ किलोमीटर होते. ताशी साठच्या वेगाने साडेआठ मिनिटे. पुढे इतकी माणसे गेली ती या साडेआठ मिनिटांवरून.

तपास सुरू झाला तेव्हा पहिला संशय गेला स्वयंपाकघरावर. त्या भोजनयानात कोळशाची शेगडी होती, म्हणजे आरोपी आयताच मिळाला. पुढे निष्पन्न झाले ते वेगळे: धूम्रपान-कक्षातल्या आसनाखालच्या विद्युत हीटरच्या वायरिंगमध्ये दोष होता. तरीही कोळशाच्या शेगडीची भोजनयाने लवकरच सेवेतून गेली. दोष विजेचा, हद्दपारी शेगडीची! अर्थात हलक्या बांधणीच्या त्या डब्यांत प्लायवूड आणि प्लॅस्टिक भरपूर होते, त्यामुळे त्यांच्यासाठी अश्रू ढाळायचे कारण नाही.

दुसरा परिणाम शयनयानांवर झाला. तेव्हा नव्या आलेल्या ‘१४’ मालिकेत विजेसाठी डिझेल जनरेटर थेट प्रवासी डब्याच्या खालीच बसवलेला असे. झोपलेल्या माणसांच्या खाली इंजिन आणि तेलाची टाकी, ही कल्पना आता कुणाच्याच पचनी पडेना. तिचे उत्पादन थांबले आणि १९७३ मध्ये ‘२४’ मालिका आली, जिच्यात जनरेटर वेगळ्या डब्यात होता. काही वर्षांनी १४ मालिका पुन्हा काढली गेली तेव्हा तिच्या इंजिनांना आपोआप आग विझवणारी यंत्रणा जोडलेली होती. रेल्वेच्या डब्यात अशी यंत्रणा कशामुळे येते, याचे उत्तर बहुधा असेच असते. आधी लोक जातात, मग नळी बसते.

कितागुनिचा चालक आणि मुख्य कंडक्टर यांच्यावर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला. म्हणजे बघा: १९६९ मध्ये न थांबणाऱ्यांना नियम मोडल्याची शिक्षा आणि १९७२ मध्ये नियम पाळून थांबणाऱ्यांना आरोपीचा पिंजरा. धरले तर चावते, सोडले तर पळते. अपघातानंतर आठ वर्षांनी, १९८० मध्ये, ते दोघे निर्दोष सुटले. निहोनकाईच्या कर्मचाऱ्यांवरची कारवाईही अपघातानंतर मागे घेण्यात आली. उशिरा का होईना, रेल्वेने आपली चूक कबूल केली. पण त्यासाठी तीस प्रेते लागली, हे विसरता येत नाही.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. समिती नेमणे, अहवाल लिहिणे, नवा नियम छापणे हे कुठलीही रेल्वे करते. जपानी रेल्वेने गाड्या जाळून पाहिल्या. ‘धावत्या गाडीला वारा लागतो, वाऱ्याने आग भडकते, म्हणून थांबा’ हा जुना समज खरा की खोटा, हे टेबलावर बसून ठरणार नव्हते. होक्काइदोमध्ये कारिकाचीचा जुना, वापरातून गेलेला मार्ग रेल्वेकडे चाचण्यांसाठी होता. १९७३ मध्ये तिथे डब्याला आग लावून गाडी प्रत्यक्ष धावती ठेवली गेली. १९७४ मध्ये ईशान्य जपानमधल्या मियाको मार्गावरच्या सारुतोगे बोगद्यातून पेटलेली गाडी नेऊन पाहिली. धूर कुठे जातो, शेजारचा डबा किती तापतो, हे सगळे मोजले.

निष्कर्ष निघाला तो निहोनकाईच्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने. डब्यांमधले दरवाजे आणि खिडक्या बंद ठेवल्या तर आग शेजारच्या डब्यात पोचायला वेळ घेते. तेवढ्या वेळात प्रवासी दुसऱ्या डब्यात हलवता येतात आणि गाडी बोगद्याबाहेर पडू शकते. नियम उलटा झाला: बोगद्यात आग लागली तर थांबू नका, बाहेर काढा. सोबत बाकीच्या गोष्टीही आल्या. पडदे, आसने, भिंती न पेटणाऱ्या साहित्याच्या झाल्या, आणि लांब बोगद्यांत दिवे व संपर्काची साधने आली.

पण बोगदा जर इतका लांब असेल की बाहेर पडायलाच अर्धा तास लागेल, तर? हा प्रश्न तेव्हा कल्पनेतला नव्हता. होन्शू आणि होक्काइदो यांना जोडणारा समुद्राखालचा सेईकान बोगदा खणला जातच होता, ५३.८५ किलोमीटर लांब. होकुरिकुच्या अनुभवातून त्याचे उत्तर असे निघाले: बोगद्यात दोन ठिकाणी, तप्पी-काइतेई आणि योशिओका-काइतेई इथे, खास जागा तयार करायच्या. जळती गाडी तिथपर्यंत आणायची. तिथे पाण्याचे फवारे, धूर ओढून काढण्याची सोय, प्रवाशांना वर जाण्याची वाट. शिवाय गाडी जास्त तापली आहे का हे ओळखणारी यंत्रे मार्गावर. १९८८ मध्ये बोगदा सुरू झाला. २०१५ च्या एप्रिलमध्ये एका एक्सप्रेसच्या डब्याखालून ठिणग्या आणि धूर दिसला आणि गाडी बोगद्यातच थांबली. १२४ प्रवासी चालत तप्पीला पोचले आणि केबल रेल्वेने जमिनीवर आले. तासन्‌तास गेले, पण सगळे सुखरूप.

हीच कल्पना युरोपात पोचायला बराच काळ जावा लागला. इंग्लंड-फ्रान्सच्या चॅनल बोगद्यात नोव्हेंबर १९९६ मध्ये ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला आग लागली. नियम होता चालत राहण्याचा, पण चालकासमोर दुसराच धोक्याचा इशारा लागला, गाडी घसरण्याची भीती निर्माण झाली आणि ती आतच थांबली. ३४ जण शेजारच्या सेवा-बोगद्यातून वाचले. २००८ मध्ये पुन्हा मोठी आग लागली. त्यानंतर तिथे चार ठिकाणी अत्यंत बारीक थेंबांच्या पाण्याचे फवारे बसवले गेले, जिथे पेटलेली गाडी नेऊन उभी करायची. पाण्याचे धुके आग लवकर थंड करते आणि पाणीही कमी लागते, म्हणून जगभर आता गाड्यांत आणि बोगद्यांत त्याकडे कल आहे.

जपानची कथा इथे संपवली तर ती फार गोड होईल. २७ मे २०११ च्या रात्री होक्काइदोच्या सेकिशो मार्गावर एका डिझेल एक्सप्रेसचे खालचे भाग निखळले, इंधनाच्या टाकीला भोक पडले आणि गाडी ६८५ मीटरच्या एका छोट्या बोगद्यात बंद पडली. बाहेर काढायचा नियम होता. पण गाडी हलेचना. आत धूर भरत होता. ज्वाळा डोळ्यांना दिसत नव्हत्या म्हणून कर्मचारी ‘आग’ असे ठरवायला तयार नव्हते. नियमावलीत आगीसाठी वेगळी कृती, धुरासाठी वेगळी. शेवटी सुमारे अडीचशे प्रवाशांनी वाट पाहणे सोडले आणि स्वतःच दरवाजे उघडून ते बाहेर पडले. सहाही डबे जळून गेले. ७९ जण जखमी झाले, कुणी मेले नाही. वाचवले ते प्रवाशांच्या अवज्ञेने. चाळीस वर्षांपूर्वी नियम चुकीचा होता. आता नियम बरोबर होता, पण तो वापरायची परिस्थितीच उरली नव्हती.

आपल्याकडेही आता एसी डब्यांत धूर ओळखणारी यंत्रणा आहे. धूर जाणवताच भोंगा वाजतो आणि ब्रेक आपोआप लागतात. पॉवर कार आणि पँट्री कारमध्ये आग ओळखून ती विझवणारी यंत्रणा बसवली जाते. हे सगळे स्वागतार्हच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये बंगळुरू-नांदेड एक्सप्रेसचा एसी डबा आंध्रात जळाला आणि २६ जण गेले. त्यात आपल्या मराठवाड्याकडे निघालेली माणसे होती. मोकळ्या माळावर आपोआप थांबणारी गाडी हवीच. पण कोकण रेल्वेवर उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि बुलेट ट्रेनच्या मार्गात वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा येतो आहे, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखाली. तिथे ‘आपोआप थांबणे’ ही सोय आहे की सापळा, हा प्रश्न १९७२ सालीच विचारून झाला आहे.

आणि यंत्रापलीकडे माणूस आहेच. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, लोक घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा जण गेले. डबा पेटलाच नव्हता.

म्हणून रेल्वेकडे एकच मागणी आहे, आणि ती फार खर्चाची नाही. प्रत्येक डब्याच्या दाराजवळ, महाराष्ट्रातून जाणाऱ्या गाड्यांत तरी मराठीत, चार ओळी मोठ्या अक्षरांत लावा. धूर दिसला तर शेजारच्या डब्यात जा आणि मधला दरवाजा ओढून घ्या. बोगद्यात किंवा पुलावर असाल तर साखळी ओढू नका. उतरावेच लागले तर शेजारच्या रुळांच्या बाजूने उतरू नका. दरवाजा हाताने उघडण्याची कळ इथे आहे.